व्यापारसंकुलातील गाळ्याची विक्री

रायपूर शहराच्या मध्यभागी जयस्तंभ चौक आहे. तेथून मालवीय रोडने निघालेला माणूस थोड्याच वेळात गोलबाजारापाशी पोहोचतो आणि कोतवाली ओलांडली की सदर बाजारातील सराफांच्या पेढ्या लागतात. या जुन्या बाजारपेठांतील दुकान म्हणजे पुढे रस्त्याला लागून असलेली बैठक, मागे माल ठेवण्याची खोली आणि बहुधा वरच्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड. जमीन कोणाची, भिंत कोणाची आणि सांडपाणी कोणीकडून वाहते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असे. अशा दुकानाच्या विक्रीत कागद चुकला तरी निदान वस्तू डोळ्यांसमोर असे.

गेल्या अर्धशतकात या चित्रात पालट झाला. शहर वाढले, जागा महाग झाली आणि बहुमजली व्यापारसंकुले उभी राहिली. संकुलातील गाळ्याच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचे गाळे असतात. ज्या भिंतीला फळ्या ठोकावयाच्या ती शेजाऱ्याचीही भिंत असते. जिना, मार्गिका, गच्ची, वाहनतळ आणि इमारतीखालची जमीन ही सर्वांची असते, किंवा कोणाचीच नाही असे प्रत्येकाला वाटते. अशा गाळ्याची मालकी नुसत्या डोळ्यांनी पाहता येत नाही. ती दस्तऐवजांत असते, आणि दस्तऐवज सदोष असेल तर मालकीही सदोष असते.

छोटा व्यापारी आयुष्यात बहुधा एकदाच दुकान विकत घेतो. त्या व्यवहारात त्याची बचत, पत्नीचे दागिने आणि बँकेचे कर्ज असे सारेच गुंतलेले असते. म्हणून हे करार कोणते, त्यांतील प्रत्येकाने नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेणे केवळ वकिलांचे काम नव्हे.

एक कायदा, अनेक बोली

महाराष्ट्रातील वाचकाला रायपूरचे व्यवहार परके वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. त्यामुळे ‘नझूल’, ‘खसरा’, ‘पट्टा’, ‘गुमास्ता’ हे शब्द दोन्हीकडच्या कचेऱ्यांत सारखेच रुळले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली.

स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा मूळ कायदा तर साऱ्या देशाचाच आहे. तो म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या जोडीला १८७२ चा करार अधिनियम, १८९९ चा मुद्रांक अधिनियम, १९०८ चा नोंदणी अधिनियम आणि १९६३ चा विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम हे कायदे येतात. महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात त्याला रायपूरचा व्यापारी इकरारनामा म्हणतो. आपले खरेदीखत म्हणजे तिकडची ‘रजिस्ट्री’ किंवा विक्रय पत्र. इसाराला तो बयाना म्हणतो आणि दुय्यम निबंधकाला उपपंजीयक. नावे वेगळी असली तरी त्यांचा कायदेशीर अर्थ एकच आहे.

पहिला प्रश्न : विकले काय जाते?

‘दुकान विकणे आहे’ अशी पाटी दिसते तेव्हा तिच्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, पूर्ण मालकी. विक्रेता जमिनीतील अविभक्त हिश्श्यासह गाळ्याचा मालक असतो आणि ती मालकी तो खरेदीदाराला देतो.

दुसरी, पट्ट्याचा हक्क. रायपूरसारख्या शहरांत अनेक दुकाने नगरपालिक निगमाने, विकास प्राधिकरणाने किंवा शासनाने नझूल जमिनीवर पट्ट्याने दिलेली असतात. तेथे धारकाने प्रारंभी अधिमूल्य भरलेले असते आणि पुढे तो ठरावीक भाडे भरतो. असा धारक पट्ट्याच्या उरलेल्या मुदतीचा हक्क तेवढा विकू शकतो. तोही पट्ट्यात हस्तांतराची मुभा असेल तर, आणि बहुधा मूळ संस्थेचे ना-हरकत पत्र व हस्तांतर शुल्क दिल्यावरच. तीस वर्षांच्या पट्ट्यातील सत्तावीस वर्षे संपलेली असतील, तर खरेदीदार तीन वर्षे आणि नूतनीकरणाची आशा विकत घेत असतो.

तिसरी, निव्वळ ताबा. विक्रेता हा खाजगी मालकाचा भाडेकरू असतो आणि मोठी रक्कम घेऊन तो आपली जागा दुसऱ्यास देतो. मुंबईतील पगडीची पद्धत सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने अशा रकमेला मान्यता दिली. इतर राज्यांत तोच नियम गृहीत धरता येत नाही. मालकाच्या लेखी संमतीवाचून घेतलेला ताबा हा खटल्याचा प्रारंभ ठरू शकतो.

या तिन्हींसाठी मागितली जाणारी किंमत पुष्कळदा जवळजवळ सारखीच असते. म्हणून गाळा किती चौरस फुटांचा आहे हे विचारण्याआधी विक्रेत्याचा त्यावरील हक्क कोणत्या जातीचा आहे हे विचारले पाहिजे.

याखेरीज व्यवसायही विक्रीत असू शकतो. चालू दुकान घेताना जागा, शिल्लक माल, फर्निचर आणि दुकानाचा नावलौकिक या चार वस्तू वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांची किंमतही वेगवेगळी लिहावी. जागा विकणाऱ्याने समोरच्याच गाळ्यात तोच व्यवसाय थाटला, तर नावलौकिकाची किंमत मोजणाऱ्याच्या हाती काय राहणार? व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार आपल्या कायद्यात सामान्यतः निरर्थक असतो. परंतु नावलौकिक विकणाऱ्याने वाजवी स्थानिक मर्यादेत तसाच व्यवसाय न करण्याची हमी दिली, तर करार अधिनियमाचे २७ वे कलम ती ग्राह्य मानते. ही अट लिहून घेतली नसेल तर तिचा लाभ मिळत नाही.

विक्रेत्याचा अधिकार

हक्क कोणता हे कळल्यावर तो विक्रेत्याच्याच हाती आहे काय, हे पाहावे लागते. त्यासाठी मूळ खरेदीखत आणि त्याआधीच्या दस्तऐवजांची साखळी तपासतात. साधारणतः तीस वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे. गहाण सोडविण्याच्या आणि गहाणाच्या वसुलीच्या काही दाव्यांची मुदत तीस वर्षांची असल्यामुळे ही प्रथा सयुक्तिक आहे. निबंधकाच्या कार्यालयातील सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. मात्र हक्कलेख बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची खूण या सूचींत नेहमी सापडेलच असे नाही. अशा बोजांची नोंद ठेवण्यासाठी २०११ मध्ये एक केंद्रीय नोंदवही सुरू करण्यात आली. तीही पाहणे हिताचे असते.

दुकान वडिलार्जित असेल तर एकट्या कर्त्याची सही पुरेशी आहे काय, हे पाहावे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. लग्न होऊन नागपूरला वा पुण्याला गेलेली बहीणही सहहिस्सेदार असते. तिची संमती न घेता झालेली विक्री पुढे अडचणीत येऊ शकते. वारसांपैकी कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या स्वतंत्र हिश्श्याच्या विक्रीला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. भागीदारी संस्थेचे दुकान असेल तर सर्व भागीदारांची संमती आणि कंपनीचे असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागावा.

मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या विक्रीविषयी विशेष सावधगिरी हवी. मुद्रांक शुल्क टाळण्यासाठी साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र हे तीन कागद करून ‘विक्री’ झाली असे मानण्याची पद्धत अनेक शहरांत पसरली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. मुखत्यार हा मालकाच्या वतीने खरेदीखतावर सही करू शकतो, पण मुखत्यारपत्र हे स्वतः खरेदीखत नव्हे.

इमारतीखालच्या जमिनीची चौकशीही टाळता येत नाही. ती व्यापारी वापरासाठी विहित रीतीने परिवर्तित झाली आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, आणि इमारत त्या नकाशाप्रमाणे बांधली आहे काय? मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखविलेल्या तळघरात गाळे पाडून विकल्याची उदाहरणे सर्वच शहरांत आढळतात. असा गाळा विकत घेणाऱ्याचे खरेदीखत नोंदविले गेले तरी बांधकाम नियमित होत नाही. छत्तीसगढच्या भू-राजस्व संहितेचे आणखी एक बंधन येथे सांगितले पाहिजे. आदिवासी भूमिस्वामीची जमीन अन्य व्यक्तीला देण्यावर या संहितेने कडक निर्बंध घातले आहेत. मूळ जमिनीच्या व्यवहारातच तो दोष असेल, तर त्यावरील संकुलालाही तो भोवतो.

साठेखत : विक्रीचे वचन

एका कल्पित व्यवहाराने पुढील भाग स्पष्ट होईल. समजा, पंडरीच्या कापडबाजारात भाड्याच्या जागेत वीस वर्षे व्यवसाय केलेल्या एका व्यापाऱ्याने जवळच्या संकुलातील गाळा चाळीस लाख रुपयांस घ्यावयाचे ठरविले. चार लाख इसार दिला आणि सहा महिन्यांत उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करून घेण्याचे ठरले. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. व्यापाऱ्याने घरी पेढे वाटले आणि गाळा आपला झाला असे सर्वांना वाटले.

कायद्याच्या दृष्टीने गाळा अद्याप विक्रेत्याचाच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५४ व्या कलमानुसार, विक्रीच्या कराराने मालमत्तेत स्वतः होऊन कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. साठेखत हे भावी विक्रीचे वचन आहे. ते वचन पाळावयास लावण्याचा हक्क खरेदीदाराला मिळतो; गाळा मिळत नाही.

आता समजा, चार महिन्यांनी विक्रेत्याला सेहेचाळीस लाखांचा ग्राहक भेटला आणि त्याने त्या ग्राहकाच्या नावे नोंदणीकृत खरेदीखत करून दिले. पहिल्या खरेदीदाराचे काय? दुसऱ्या ग्राहकाने पहिल्या कराराची माहिती नसताना, प्रामाणिकपणे आणि पुरी किंमत देऊन गाळा घेतला असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. माहिती असताना घेतला असेल, तर पहिला करार त्याच्यावरही बंधनकारक ठरतो. सारा वाद या एका प्रश्नावर येतो, आणि हे माहीत असणे सिद्ध करणे सोपे नसते.

येथेच नोंदणीचे महत्त्व आहे. ताबा न देता केलेल्या साधारण साठेखताची नोंदणी केंद्रीय कायद्याने सक्तीची केलेली नाही. परंतु कायद्याने नोंदणी आवश्यक असलेला दस्तऐवज नोंदविला गेला की त्याची माहिती पुढील खरेदीदाराला आहे असे गृहीत धरले जाते. ऐच्छिक नोंदणीने हे गृहीतक आपोआप लागू होत नसले, तरी कराराची तारीख व मजकूर यांना निर्विवाद पुरावा मिळतो आणि सूची पाहणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणणे अवघड जाते. प्रत्यक्ष ताबा असणे हीसुद्धा कायद्याने सूचनाच मानली आहे. साठेखताबरोबर ताबा घेतला असेल, तर त्या ताब्याला संरक्षण मिळण्यासाठी मात्र करार नोंदणीकृतच हवा. २४ सप्टेंबर २००१ पासून हा नियम लागू आहे.

विक्रेत्याने वचन मोडले तर खरेदीदार करार प्रत्यक्ष पुरा करून देण्याचा दावा लावू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीने असा आदेश द्यावा की नाही यासंबंधीचा न्यायालयाचा स्वेच्छाधिकार पुष्कळ मर्यादित झाला आहे. तरीही दोन गोष्टी खरेदीदाराला सिद्ध कराव्या लागतात : तो आपला भाग पुरा करण्यास सदैव तयार होता, आणि तसे करण्याची त्याची ऐपत व इच्छा होती. म्हणून ठरलेल्या मुदतीत ‘रक्कम तयार आहे, खरेदीखत करून द्यावे’ अशी लेखी सूचना देणे आणि कर्जमंजुरीचे पत्र जपून ठेवणे महत्त्वाचे असते. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात दिनांक ठरलेला असेल तर त्या दिनांकापासून, नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ती मोजतात. दाव्यात इसाराच्या परताव्याची पर्यायी मागणी स्पष्टपणे करावी लागते, कारण मागितल्याशिवाय न्यायालय ती देत नाही.

इसाराविषयीही गैरसमज आहे. खरेदीदार मागे हटला तर दिलेली सारी रक्कम बुडते, असे बाजारात मानतात. करारभंगाबद्दल रक्कम ठरलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, हे तत्त्व करार अधिनियमाच्या ७४ व्या कलमात आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्याचे विवेचन केले आहे. वचनपूर्तीची हमी म्हणून दिलेला इसार जप्त होऊ शकतो. किमतीचा भाग म्हणून दिलेले हप्ते सरसकट जप्त करता येत नाहीत. यासाठी करारात इसार किती आणि किमतीपोटी आगाऊ रक्कम किती हे वेगळे लिहावे. विक्रेत्याच्या चुकीने व्यवहार फिसकटला, तर आगाऊ दिलेल्या रकमेपुरता त्या मालमत्तेवर खरेदीदाराचा भार राहतो, अशी तरतूद १८८२ च्या कायद्यातच आहे.

चांगल्या साठेखतात पुढील बाबी असतात : गाळ्याचा क्रमांक, मजला, चटईक्षेत्र आणि चतुःसीमा; जमिनीचा तपशील; किंमत आणि ती देण्याचे टप्पे; कर्ज, भाडेकरू वा दावा नसल्याचे निवेदन; मालमत्ता कर, वीज देयक आणि संकुलाची देखभाल वर्गणी कोणत्या दिवसापर्यंत कोणी भरावयाची; ताब्याचा दिवस; आणि एखादी परवानगी न मिळाल्यास रक्कम परत करण्याची मुदत. सामायिक भागांचा उल्लेख तर हवाच. गाळ्यापुढच्या मार्गिकेत माल मांडण्याची ‘चालत आलेली रीत’ विक्रेता तोंडी विकतो; ती त्याची नसतेच.

नवे संकुल आणि जुना गाळा

गाळा बांधकाम व्यावसायिकाकडून प्रथमच घेतला जात आहे की आधीच्या मालकाकडून, यावर खरेदीदाराचे संरक्षण अवलंबून असते. २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम, जो रेरा या नावाने ओळखला जातो, केवळ घरांसाठी आहे असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक त्यातील ‘अपार्टमेंट’ या शब्दाच्या व्याख्येत दुकान, शोरूम आणि कार्यालयही येते. जमीन पाचशे चौरस मीटरहून अधिक किंवा गाळे आठांहून अधिक असल्यास प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असते. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी प्रवर्तकाने लेखी करार करून त्याची नोंदणी केली पाहिजे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेले रचनेतील दोष विनामूल्य दुरुस्त करावे लागतात. ताबा वेळेवर न मिळाल्यास खरेदीदाराला व्याजासह रक्कम परत मागता येते. छत्तीसगढचे प्राधिकरण रायपूरमध्येच आहे.

म्हणजे वर सांगितलेला व्यापारी नव्या संकुलात प्रवर्तकाकडून गाळा घेत असता, तर दहा टक्क्यांच्या पुढे जाताना नोंदणी त्याच्या मर्जीवर राहिली नसती. कायद्यानेच ती करवून घेतली असती. जुना गाळा एका व्यापाऱ्याकडून दुसरा घेतो तेव्हा हे कवच सामान्यतः नसते. तेथे करारातील शब्द हेच कवच होय.

संकुलाच्या जमिनीचा प्रश्नही येथे येतो. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी हक्क सदनिका अधिनियमात दुकानालाही सदनिकेत गणले आहे. तेथे सहकारी संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण न करणाऱ्या प्रवर्तकांमुळे हजारो इमारती अडकल्या, तेव्हा २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग काढावा लागला. पूर्वीच्या मध्य प्रदेशातील प्रकोष्ठ स्वामित्वाच्या कायद्यातही हेच सूत्र होते : गाळ्याची मालकी आणि सामायिक भागांतील अविभक्त हिस्सा ही जोडी अतूट आहे. खरेदीखतात हिश्श्याचा उल्लेख नसेल तर इमारत जुनी होऊन पाडावी लागते त्या दिवशी गाळेधारकाच्या हाती काय उरेल, याचा विचार करावा.

खरेदीखत आणि नोंदणी

शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तऐवजानेच होते. १८८२ मध्ये शंभर रुपये ही मोठी रक्कम होती; आज या नियमातून कोणताही गाळा सुटत नाही.

नोंदणीपूर्वी मुद्रांक शुल्क भरावे लागते. वेगळे ठरले नसल्यास ते खरेदीदाराने द्यावयाचे असते. करारातील किंमत आणि शासनाच्या मार्गदर्शिकेतील बाजारमूल्य यांत जी रक्कम अधिक तिच्यावर ते आकारले जाते. मार्गदर्शिकेतील दर मोहल्ला, रस्ता आणि मजला यांनुसार ठरतात आणि शासनाच्या धोरणानुसार बदलतात. छत्तीसगढने २०१९ मध्ये हे दर तीस टक्क्यांनी खाली आणले होते, आणि २०२४ मध्ये ती सवलत संपुष्टात आली. साठेखत आणि खरेदीखत यांच्या दरम्यान दर वाढल्यास वाढीव भार कोणी सोसावयाचा, हे आधी ठरलेले बरे.

दस्तऐवज सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो. दोन्ही पक्ष निबंधकापुढे येतात, त्यांची छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे घेतले जातात, विक्रेता सही आपली असल्याचे कबूल करतो आणि साक्षीदार त्याची ओळख पटवितात. नोंदणी झाली की दस्तऐवज नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर त्यात तसे म्हटले नसेल तर सही झाल्याच्या दिवसापासून अमलात येतो.

रक्कम कशी द्यावी यालाही नियम आहेत. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली. २०१३ पासून पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात एक टक्का कर कापून तो विक्रेत्याच्या नावे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी ठरली. किमतीचा काही भाग ‘वरून’ देण्याच्या प्रथेत शुल्क वाचते असे वाटते. पण व्यवहार मोडला तर ती रक्कम दिली होती हे कोणत्याही कागदावर नसते. वाचविलेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम अशी एका दिवसात हातची जाऊ शकते.

नोंदणीनंतर

नोंदणी अधिकारी दस्तऐवज सादर झाला आणि सही खरी आहे एवढेच पाहतो. विक्रेत्याचा हक्क निर्दोष असल्याची ग्वाही तो देत नाही. ज्याच्यापाशी जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, हे तत्त्व नोंदणीच्या शिक्क्याने बदलत नाही.

खरेदीखतानंतर नामांतरण करून घ्यावे. २०२५ मध्ये छत्तीसगढने नोंदणीबरोबरच जमिनीच्या अभिलेखात नाव बदलण्याची व्यवस्था सुरू केली. परंतु नगरपालिक निगमाच्या मालमत्ता कराच्या नोंदी, वीजजोडणी आणि गुमास्ता परवाना यांकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. या नोंदी मालकी निर्माण करीत नाहीत; त्या मालकीच्या मागोमाग येतात. कराची पावती दाखवून ‘हा गाळा माझाच आहे’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे म्हणूनच मूळ खरेदीखत मागावे.

गाळ्यात भाडेकरू असेल तर विक्रीने त्याचे हक्क संपत नाहीत. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. छत्तीसगढमध्ये घरमालक-भाडेकरू वादांसाठी २०११ चा भाडे नियंत्रण अधिनियम आहे. त्याखालील न्यायाधिकरणाच्या निर्णयावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची त्यातील तरतूद २०१९ मध्ये घटनापीठाने रद्द केली, कारण असा अधिकार देणे राज्याच्या विधिमंडळाच्या कक्षेत येत नाही. रिकामा ताबा मिळेल असे तोंडी आश्वासन देऊन विकलेल्या दुकानात भाडेकरू निघाला, तर खरेदीदाराला या वाटेने जावे लागते.

आता पंडरीच्या त्या कल्पित व्यापाऱ्याकडे पुन्हा वळू. त्याने साठेखत नोंदवून घेतले असते, इसार बँकेमार्फत दिला असता आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी सूचना दिली असती, तर सेहेचाळीस लाखांच्या ग्राहकापुढे त्याची बाजू भक्कम राहिली असती. त्याला फार मोठा खर्च आला नसता. त्याने विश्वास ठेवला यात त्याचे चुकले असे नाही. बाजार विश्वासावरच चालतो. पण विश्वास ठेवणाऱ्या दोन माणसांपैकी एक उद्या मरण पावतो, दुसऱ्याची स्थिती बदलते आणि त्यांचे वारस एकमेकांना ओळखत नाहीत. दोघे हयात आणि सलोख्याने असतानाच जे लिहून ठेवले जाते, तेच त्या वारसांच्या उपयोगी पडते.